कालव्याकाठची रिकामी जागा

७ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहावा की न लिहावा, या विचारात सकाळ गेली. अखेर लिहितो. कुणी मागितलेला नसला तरी वडिलांचा आशीर्वाद परत घेता येत नाही, असे मी वर्गात शिकवीत आलो आहे.

प्रश्न एकच आहे. तू तुझ्या आईला जे चित्र पाठवलेस, त्यात माणूस आहे का? आहे किंवा नाही, एवढेच कळव. साध्या कार्डावर कळवलेस तरी पुरे.

तू घर सोडलेस त्या दिवशी मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुला ते पाठ असणार. त्यानंतर तुझ्या रंगकामाविषयी या घरात मी चकार शब्द काढलेला नाही. चित्र आले तेव्हा मी व्याख्यानांसाठी परगावी होतो. परतलो तो बैठकीच्या खोलीत, माझ्या वाचनाच्या खुर्चीच्या बरोबर समोर, ते टांगलेले. मी म्हणालो, "इथे दिनदर्शिका होती." तुझी आई म्हणाली, "तारखा तुम्हाला पाठ असतात." तिथे विषय संपला.

पिवळे शेत, शेताला कापत गेलेला कालवा, उंच सडपातळ झाडांची रांग, एक छोटा पूल, आणि वर अर्ध्याहून अधिक आकाश. मी त्याकडे पाहत नसे. चुकून पाहिलेच तर वाटे, एखाद्या धड चित्रावरून ते ओले असतानाच कुणी बाही फिरवली आहे.

आता पाहावे लागते, कारण तुझी आई त्याच्याशी बोलते.

तुला ठाऊक नसेल. गेल्या वर्षापासून ती विसरते आहे. आधी चष्मा, मग गॅसवरचे दूध, मग शब्द. चमच्याला 'ते ढवळायचं' म्हणते. डॉक्टरांनी या दुखण्याला एक नाव दिले आहे. ते मी लिहीत नाही. लिहिले की ते घरात येऊन बसेल अशी मला भीती वाटते, आणि शास्त्र वाचण्यात हयात घालवलेल्या माणसाला असली भीती शोभत नाही हेही मला कळते.

काल सकाळी ती चित्रासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आज पाणी वाढलंय."

"कुठे?"

"कालव्याला. पायरी बुडाली."

चित्रात पायरी नाही. मी जवळ जाऊन पाहिले. मग तिने काठावरच्या एका जागी बोट ठेवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "इथे एकजण होता. आता दिसत नाही."

ती बाहेर गेल्यावर मी हस्तलिखितांसाठी वापरतो ते भिंग काढले आणि काठ तपासला. पाण्यालगत डाळिंबी रंगाचा एक फराटा आहे. त्याच्या शेजारी अंगठ्याएवढ्या जागेवर रंग खरवडून काढलेला आहे. खालच्या कापडाची वीण दिसते. जुन्या पोथीत जिथे अक्षर खरवडलेले सापडते, तिथे माझा हात नेहमीच थबकतो. कुणीतरी काहीतरी ठरवून पुसलेले असते.

तिथे कोण होते?

दूरध्वनी करावा, तर तुझा क्रमांक तुझ्या आईला पाठ होता, म्हणून तो कुठेच लिहिलेला नाही. आता तो पाठ नाही. हा परदेशातला पत्ता चित्राच्या वेष्टनावरून उतरवून घेतला आहे.

तुझे वडील


१५ मार्च

चि. धाकटीस,

तुझे उत्तर नाही. पत्र पोहोचायला वेळ लागतो, ही स्वतःची समजूत मी दररोज घालतो आणि टपाल येण्याच्या वेळी दारात उभा राहतो.

मध्यंतरी आणखी दोन गोष्टी घडल्या.

मी पुन्हा भिंग लावून बसलो होतो. डावीकडून उजवीकडे, ओळीने, एकही फराटा न सोडता. तुझी आई भाजी चिरता चिरता माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "अहो, पोथी आहे का ती? मागे या."

मी एक पाऊल मागे सरलो.

"आणखी."

"आता दिसते आहे, पुरे."

"काही दिसत नाहीये तुम्हाला. जन्मभर नाक लावून वाचलंत, म्हणून सगळ्यांची नाकंच दिसली. आणखी मागे."

मी सरकत सरकत दाराच्या कडीला टेकलो. आणि तिथून, तुला खोटे वाटेल, ते चित्र एकाएकी जागेवर आले. पाणी पाणी झाले. ऊन कुठून पडते आहे ते कळले. डाळिंबी फराट्याच्या जागी काठावर बसलेली एक बाई होती, खांद्यावर शाल, केस पांढरे, पाठ किंचित वाकलेली.

"कोण ती?" मी विचारले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मी," ती म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

डाळिंबी शाल तिच्याकडे आहे हे खरे. परंतु तुझी आई त्या शेतात कधी गेली? माझ्यावाचून ती शहराबाहेर पाऊल ठेवीत नसे. बाहेर जाणे म्हणजे दर गुरुवारी गुडघ्यांच्या व्यायामाला, तेवढेच. मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, अशा रुग्णांना चित्रे, आरसे, पडदे यांत माणसे दिसतात. न घडलेले घडल्यासारखे वाटते. विरोध करू नका, पण शक्य असेल तर ती वस्तू समोरून हलवा.

दुसरी गोष्ट अशी. परवा दुपारी पान वाढून तिने मला विचारले, "आपण जेवायला थांबणार ना?" किती अदबीने! नव्या पाहुण्याला विचारावे तसे. मी म्हणालो, "थांबतो." तिने दोनदा आग्रह करून वाढले. आमच्या संसारात तिने मला इतका आग्रह कधी केलेला नव्हता. हात धुताना ती मला पुन्हा ओळखू लागली आणि म्हणाली, "एवढं का जेवलात? आता रडाल पित्त झालं म्हणून."

तेव्हापासून मला एकाच गोष्टीचे भय आहे. ती विसरते, हे मी सोसेन. पण मला विसरताना तिला ते शेत आठवते. तो कालवा आठवतो. तिथे होता तो कुणी 'एकजण' आठवतो. जिथे मी कधीच गेलो नाही अशा जागी ती जाऊन राहिली, तर मी तिला हाक कुठून मारू? तिला माझा आवाज कुणाचा वाटेल?

अंधुक उजेडात दोरी पडलेली असते आणि माणूस साप म्हणून ओरडतो, हा दृष्टान्त मी आयुष्यभर शिकवला. दोरी उचलली की सापही गेला. उद्या मी चित्र उतरवतो आहे.

तुझे वडील


२१ मार्च, बसमध्ये

धाकटे,

अक्षर हलते आहे. गाडीही हलते आहे. पत्र पुरे होईल की नाही ठाऊक नाही, पण हात मोकळे ठेवले की ते एकमेकांत गुंततात म्हणून लिहितो.

तुझी आई घरात नाही.

चित्र उतरवून मी ते कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. पहिल्या दिवशी ती खिळ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी विचारले, "गेलं वाटतं?" मी म्हणालो, "कुठे जाणार?" ती उठून आत गेली. मला वाटले, उतार पडला. डाव साधला म्हणून मी मनात खूशसुद्धा झालो, मूर्ख मी! आज सकाळी घरी माझा वर्ग चालू असताना ती मागच्या दाराने निघून गेली. शाल नाही, चपला नाहीत, छत्री नाही. दोरी उचलून ठेवली, आणि माणूस सापाच्या मागे घराबाहेर पडला.

शेजारच्या वाटा पाहिल्या. व्यायामशाळेत गेलो, म्हटले गुडघ्यांच्या सवयीने पाय तिकडे वळले असतील. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, या नावाच्या आजी आमच्याकडे कधी आल्याच नाहीत." मी त्यांच्याशी वाद घातला. इतकी वर्षे दर गुरुवारी! इथल्या बाईंच्या हाताला गुण आहे असे ती स्वतः सांगते! त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी दिले.

तिथून बसस्थानकावर आलो. तिकिटांच्या खिडकीतला माणूस वर्णन पुरते ऐकूनही घेईना. "डाळिंबी शालवाल्या आजी? आज शाल नव्हती. मी म्हटलंसुद्धा, आजी, किती दिवसांनी! आणि आज गुरुवार कुठाय?"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'गुरुवार कसला घेऊन बसलास, पोरगी वाट बघत असेल.' नेहमीच्याच गाडीत बसल्या की. कालव्याच्या. शेवटचा थांबा."

तो हसत सांगत होता. मला हसता आले नाही. धाकटे, हे खरे आहे का? ती तुझ्याकडे येत होती? तू परदेशी जाईपर्यंत तिथेच राहत होतीस का? घराबाहेर पडून तू इतक्या जवळ, एका बसच्या अंतरावर होतीस, आणि या घरात दर गुरुवारी संध्याकाळी मी तुझ्या आईला विचारीत होतो, "गुडघे कसे आहेत?" आणि ती म्हणत होती, "आज पुष्कळ बरं वाटलं."

परंतु आता तिथे तू नाहीस. तिथे कुणीच नाही. वाढलेले पाणी आहे. तीच तर म्हणाली होती, पायरी बुडाली.

मी नामस्मरणाला बसतो आहे; लिहिणे थांबवतो. नाम घेताना पुन्हा पुन्हा तिचेच नाव येते.


२२ मार्च

चि. धाकटीस,

ती सापडली. सुखरूप आहे, आतल्या खोलीत झोपली आहे. कालचे कागद आणि हे पत्र एकाच पाकिटात घालतो, पण तू आधी कोणते वाचशील ते ठाऊक नाही. म्हणून याच्या पहिल्या ओळीत हे लिहिले.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते. मी वाट विचारली नाही. झाडांची रांग मला ठाऊक होती. डावीकडे पूल, पुलापलीकडे पिवळे. एक एक वस्तू तू ठेवलीस तिथे होती, आणि भिंगाखाली जे जे मी चुकीचे ठरवले होते ते ते तसेच होते. झाडांच्या सावल्या खरोखरच निळ्या असतात, हे मला या वयात समजले. पण त्या वेळी मला त्या सावल्यांचेही भय वाटत होते, कारण काठ रिकामा दिसत होता.

मग डोळ्यांवर उन्हाआड धरलेला हात खाली केला आणि ती दिसली. पाण्यालगतच्या दगडावर, पाठ किंचित वाकवून. शाल नव्हती म्हणून ओळखू आली नव्हती. पाय पाण्यात होते. तिथे पायरी आहे, धाकटे. तुझ्या चित्रात नसलेली पायरी तिथे आहे, आणि काल ती पाण्याखाली होती.

धावावेसे वाटले, पण धावलो असतो तर ती दचकून पुढे सरकली असती. मी हळूहळू, खाकरत खाकरत, काठाकाठाने, तिला आधीच दिसेन असा गेलो. तिने मान वर केली, हात हलवला आणि म्हणाली, "बाजूला व्हा. चित्रात येताय."

मी झालो बाजूला.

"माझी मुलगी काढतेय," तिने माझ्या मागे, मोकळ्या बांधाकडे बोट दाखवले. "मध्ये कुणी आलं की चिडते. बापावर गेलीय."

तिने मला ओळखलेले नव्हते. मी विचारले, "बाई, मी इथे थोडा वेळ थांबू का?"

"थांबा. तिकडे, झाडापाशी. आणि बोलू नका फार."

मी झाडापाशी उभा राहिलो. तिच्या पायांवरून पाणी वाहत होते आणि मी परक्यासारखा परवानगी मिळालेल्या जागी उभा होतो. परंतु बोलू नका म्हणणारी स्वतःच बोलू लागली. ती तशीच आहे.

"आमच्या ह्यांना माहीत नाही मी इथे येते ते. त्यांना वाटतं गुडघे." आणि ती इतकी हसली की तोल जाईल की काय या धास्तीने मी पुढे झेपावलो. तिने पुन्हा हाताने मागे सारले.

"त्यांना सांगत का नाही?" मी विचारले.

"सांगितलं तर येतील."

"मग?"

"मग पोरगी जाईल."

वादात मला निरुत्तर करणारे पंडित मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कुणी पाण्यात पाय सोडून बसलेला नव्हता.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण एकदा आणणार आहे मी त्यांना. वाईट नाहीत हो. नुसते जवळून बघतात सगळं." आणि तिने शेजारच्या दगडावर तळवा थोपटला. "ही जागा ठेवलीय."

मला त्या दगडावर जाऊन बसायचे होते. बसलो नाही. मी चित्राच्या बाहेर होतो आणि त्या क्षणी तिची आज्ञा मोडण्याचे धैर्य मला नव्हते. ऊन बांधावरून उतरले तेव्हा ती आपणहून उठली, म्हणाली, "उजेड गेला, आता पोरगी सामान आवरेल." मी हात पुढे केला. तिने तो धरला, पाहुण्याचा हात धरावा तसा. परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेत तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि विचारले, "अहो, माझ्या चपला कुठे टाकल्यात तुम्ही?"

चित्र मी आज सकाळी परत टांगले आहे. मागच्या दाराला कुलूप घातले आहे. त्या कुलपाचीही मला भीतीच वाटते.

तुझे वडील


२ एप्रिल

चि. धाकटे,

तुझे कार्ड आज आले. माझ्या पहिल्या पत्राचे उत्तर आहे. पुढची तुला अजून मिळालेली नसावीत. तू लिहितेस:

"बाबा, माणूस आहे. आई आहे. शेजारी तुम्ही होता. तिच्या हट्टापायी काढलं होतं, आठवणीवरून. पाठवायच्या आदल्या दिवशी सुरीनं खरवडून टाकलं. आईला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असणार. तिचं सगळं ठीक आहे ना?"

मी ते कार्ड उभ्यानेच वाचले आणि मग बसलो.

'इथे एकजण होता, आता दिसत नाही.' इतके दिवस मी ज्याला भीत होतो, कपाटामागे कोंडून ठेवत होतो, तो मीच होतो. दृष्टान्त उलटला, धाकटे. साप म्हणून जिच्यापासून पळालो ती माझीच पगडी निघाली. तुला हसू आले तर हस.

तू खरवडलेस, त्याचा जाब मी विचारत नाही. तुझ्या जागी मी असतो तर कापडासकट कापून काढले असते. चिडणे तू कुणाकडून घेतलेस ते तुझ्या आईने सांगितलेच आहे.

तिचे सगळे ठीक नाही. मागची पत्रे तुला मिळतील तेव्हा कळेल. या आठवड्यात मी दोनदा पाहुणा होतो. एकदा दिवसभर. अजून तिला ती जागा आठवते, रोज सकाळी ती तिथे बोट ठेवते आणि म्हणते, "इथे एकजण होता." मी म्हणतो, "येतो आहे तो." ती म्हणते, "बघा हं." उद्या ती हे म्हणेनाशी होईल, असे मनात येते आणि मी जप करताना मणी चुकतो. घर तिला परके झाले तरी तो काठ बराच काळ राहील, असे डॉक्टरांच्या बोलण्यावरून वाटते. राहील त्या जागी मला ठेव. ती मला ओळखो वा न ओळखो, तिच्या शेजारी कुणीतरी बसलेले आहे एवढे तिला दिसावे.

म्हणून ये. रंग घेऊन ये. कालव्यावर जाऊ, मी त्या दगडावर बसेन, हलणार नाही, बोलणारही नाही. फार बारकाईने काढू नकोस, नाक-डोळे नकोत. एक फराटा पुरे, रंग तुला योग्य वाटेल तो. दारापासून पाहिल्यावर माणूस दिसला म्हणजे झाले.

तैलरंग वाळायला पुष्कळ दिवस लागतात, असे ऐकतो. तेवढे दिवस थांबू नकोस. ओलेच चित्र भिंतीला लाव. सकाळी ती येईल, त्या जागी बोट ठेवील आणि रंग तिच्या बोटाला लागेल. लागू दे.

बाबा